ज्योतीमागे उडणारे डोळे

माझ्या भावाचे डोळे उडायचे. मिचमिचायचे नाहीत, तिरळेही नव्हते. एखादी गोष्ट समोरून सावकाश सरकत चालली, नाव म्हणा, पतंग म्हणा, की तुमचे-आमचे डोळे तिच्याबरोबर सरकत जातात. त्याचे जायचे नाहीत. मागे राहायचे, मग टुणकन उडी मारून तिला गाठायचे, की पुन्हा मागे. अंगणात दाणे टिपणारी चिमणी चालते ना, तसे. बस, एवढीच गोष्ट. ह्या एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरच्यांनी त्याच्या हातून देव काढून घ्यायचं ठरवलं होतं, आणि मी ते होऊ दिलं नाही. तेच सांगायला बसले आहे. ज्यांना शांत, समंजस आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल दुसऱ्या कुणाच्या वाचाव्यात.

गंगेवरच्या बालाजी घाटाच्या वर, मराठी मंडळींच्या जुन्या गल्लीत, आमच्या घराण्याचं गणपतीचं देऊळ आहे. देऊळ कसलं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने उंबऱ्यावर उभं राहायचं. पूजा घराण्यात पाळीने चालते. आश्विन काकांचा, कार्तिक आमचा, बाकीचे महिने इतर भाऊबंदांचे. गल्लीतल्या हिंदीवाल्यांचा कार्तिक शरद पौर्णिमा झाली की लागतो, आमचा लागतो दिवाळीच्या पाडव्याला. त्या दिवशी सकाळी काकांनी देवळाची किल्ली द्यायची आणि आमच्या घराने घ्यायची. वडील गेल्यापासून ती दादा घ्यायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ज्याच्या डोळ्यांचं हे सगळं रामायण.

दादा संस्कृत घेऊन एम. ए. करत होता तेव्हा आजारी पडला. जवळ कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. खिडकीखालून जाणारे लोक आपल्याविषयीच बोलतात असं वाटायला लागलं. एकदा कुणाला न सांगता नावेत बसला आणि पलीकडे रामनगरला आत्याकडे गेला, तर तिच्या ओट्यावरच बसून राहिला. आत ये म्हटलं तर येईना. शेवटी मोठ्या इस्पितळात दाखवलं, तिथे आजाराचं नाव कळलं, स्किझोफ्रेनिया. मराठीत म्हणे त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द काढला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. दादाचं मन छिन्न वगैरे काही झालेलं नव्हतं. आईला ताप आला की उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवायचा तो तोच. गोळ्या सुरू झाल्या, आवाज हळूहळू लांब गेले, अगदी गेले मात्र नाहीत. नोकरी झाली नाही, लग्न झालं नाही. त्याच्यापाशी उरला तो कार्तिक.

बाकी वर्षभर त्याला अंथरुणातून उठवायचं म्हणजे आईचा घसा बसायचा. कार्तिकात तो आम्हा सगळ्यांच्या आधी उठायचा. पंचगंगा घाटावर स्नानाला आलेल्या बायकांच्या गर्दीतून वाट काढत खाली जायचा, कलश भरून आणायचा, सहाणेवर गंध उगाळायचा. दूर्वा निवडायला बसला की कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या महिन्यात त्याला लोक नमस्कार करायचे. गल्लीतली जी पोरं एरवी मागून ‘पगला, पगला’ ओरडायची, तीच हात पुढे करून ‘महाराज, प्रसाद’ म्हणायची. माणसाला जगायला आणखी काय लागतं हो? मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, घर चालवत होते, पण आमच्या घराचा कणा माझी नोकरी नव्हती. तो कार्तिक होता.

आता आमच्या घराण्याची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आरती करताना ज्योत आधी देवाच्या पायांशी, मग पोटाशी, मग मुखाशी न्यायची, आणि ज्योत जाईल तिथे करणाऱ्याची नजर गेली पाहिजे. ज्योतीच्या उजेडात देव अंगभर बघायचा, असा त्याचा अर्थ. घरातल्या औक्षणालाही तोच नियम. ज्याला ओवाळायचं त्याने ज्योतीवरून नजर हलवायची नाही. नजर सुटली तर ओवाळलेलं लागत नाही, असं आई म्हणायची.

भाऊबीजेला मी दादाला अगदी लहानपणापासून ओवाळत आले. तबक फिरवताना त्याचं तोंड माझ्यापासून हातभर. तेव्हा त्याचे डोळे उडतात हे साऱ्या जगात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि तेही तो धडधाकट शाळकरी मुलगा असताना. मला हसू यायचं. “आई गं, दादाच्या डोळ्यांत चिमणी आहे!” आई म्हणायची, “गप, नीट ओवाळ.” तेव्हा त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. आजार आला आणि मग त्याचं सगळंच वावगं झालं. हसला तर वेडा, गप्प बसला तर वेडा, दुसऱ्यांदा भात मागितला तरी वेडा.

एका कार्तिकात काका आरतीला बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांना दादाचे डोळे दिसले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. आरती संपते न संपते तोच म्हणाले, “ह्याची नजर बघितलीत? देवावर ठरतच नाही. ज्योत एकीकडे, हा एकीकडे. ज्याच्या मनात काही काळंबेरं असतं ना, त्याचीच नजर अशी पळते.”

सगळ्यांदेखत बोलले. दादाच्या हातात अजून आरतीचं तबक होतं.

काका वाईट होते असं मी म्हणणार नाही. पाळी हिसकावून पैसा मिळवावा असंही त्यांच्या मनात नसावं. पण देवाला भीत होते, आणि भित्र्या माणसाच्या हातून जे होतं ते दुष्टाच्या हातूनही होत नाही. देवाचा कोप झाला तर साऱ्या घराण्यावर होईल, हे त्यांनी डोक्यात घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, गल्लीभर बोलत सुटले. आईने मीठ-मोहऱ्या घेऊन दादाची दृष्ट काढली. मी त्याला चष्मेवाल्याकडे नेलं. चष्मेवाल्याने अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाला, “नज़र तो बिलकुल ठीक है, बहनजी.”

आणि दादाने काय करावं? तो डोळे मिटून आरती करायला लागला. मिटल्या डोळ्यांनी हात फिरवताना एकदा ज्योत त्याच्याच उपरण्याला लागली. काठ जळला, बाकी काही झालं नाही. पण काकांना आयतं कोलीत मिळालं. “आज उपरणं जळलं, उद्या देऊळ जाळील.” पुढच्या वर्षी भाऊबीजेला दादा पाटावर बसला तोही डोळे गच्च मिटून.

“दादा, उघड की डोळे.”

“नको. तुला दिसतात ते.”

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि मी काही गरीब गाय नव्हे, रागाची मला चांगली सवय आहे.

नंतर इस्पितळात त्याला दाखवायला नेलं तेव्हा मी डॉक्टरिणीला विचारलं. तरुण होती, दक्षिणेकडची, तिचं हिंदी माझ्या आईच्या हिंदीपेक्षाही भयंकर. पण समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायची. तिला म्हटलं, ह्याचे डोळे ज्योतीमागे सरळ जात नाहीत, उडतात, आणि हे आजाराच्या आधीपासून आहे. तिने मान वर केली. “आपको कैसे मालूम?” मी भाऊबीजेचं सांगितलं. तबक कसं फिरवतात ते हवेत हात फिरवून दाखवलं, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, आम्ही इथे हीच तर तपासणी करतो, तुम्ही लोक दरवर्षी घरी करता.

तिने आम्हाला मागच्या एका खोलीत नेलं. दोरीला एक लोलक टांगलेला. दादाच्या डोळ्यांच्या कडेला पट्टीने बारीक तारा चिकटवल्या, हनुवटी टेकवून बसायला सांगितलं आणि लोलक सोडून दिला. “इसको देखते रहिए, बस.” शेजारच्या यंत्रातून कागदाची लांब पट्टी निघत होती आणि तिच्यावर आपोआप रेघ उमटत होती. आधी तिने स्वतःच्या डोळ्यांची रेघ दाखवली. गंगेच्या लाटेसारखी, वर-खाली, गुळगुळीत. दादाची रेघ चढतानाही तुटत तुटत चढत होती आणि उतरतानाही. त्याने ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ बघितली.

“आपल्या घाटाच्या पायऱ्या,” तो म्हणाला, आणि किती महिन्यांनी हसला.

डॉक्टरिणीने मग समजावून सांगितलं. ह्या आजाराच्या पुष्कळ लोकांत हे दिसतं. डोळा सरकत्या वस्तूच्या मागे पडतो, मग उडी मारून तिला गाठतो. मेंदूत डोळ्यांना चालवणारी जी जागा आहे तिथली ही ठेवण. मन लावलं नाही म्हणून होतं असं नाही, आणि कितीही जोर लावला तरी जात नाही. “ये इनके हाथ में नहीं है,” ती म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं. दादाकडे बघून सांगितलं.

मग म्हणाली, आम्ही घरच्यांचंही बघतो, तुम्ही बसता का? बसले. मला वाटलं, माझी लाटच येणार. आली लाटच, पण तिच्या चढावर बारीक बारीक पायऱ्या होत्या. म्हणजे मीही? ती म्हणाली, छे. आजारी माणसाच्या सख्ख्या नात्यात असे डोळे बऱ्याच जणांचे असतात, आजार मात्र बहुतेकांना कधी होत नाही. वय झालं की होतात, थकल्यावर होतात, काही गोळ्यांनीही होतात. ह्यावरून कुणाला वेडा ठरवता येत नाही आणि शहाणाही ठरवता येत नाही. मी घरी येऊन आरशासमोर पेन्सिल फिरवून बघितली. आरशात काही दिसलं नाही. पण सांगते, मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. दादा एकटा नव्हता ना.

हे सगळं मी काकांना जाऊन सांगितलं. काका म्हणाले, “यंत्राला देवाचं काय कळतं?” आणि दसऱ्याला जाहीर करून टाकलं की ह्या वर्षीपासून कार्तिक त्यांचा मुलगा करील. माझा हा चुलतभाऊ बिचारा सरळ होता. मला गाठून म्हणाला, “ताई, मुझे नहीं चाहिए यह सब. पहाटे उठायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. बाबूजी ऐकत नाहीत.” मी म्हटलं, तू गप्प राहा, मी बघते.

पाडव्याला दादा पहाटे अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, कलश भरून आणून किल्लीची वाट बघत दारात बसला. त्याला दसऱ्याचं माहीत होतं, तरी बसला. ऊन गल्लीत उतरलं तसा देवळातून घंटेचा आवाज आला, म्हणजे पूजा सुरू झाली होती. दादा उठला, कलशातलं पाणी तुळशीला घातलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. गोळी घेतली नाही, जेवला नाही. आई म्हणाली, “आता हा पुन्हा जाणार गं.” कुठे जाणार ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मागच्या खेपेला तो तसाच निजला होता आणि मग कितीतरी महिने आमच्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भाऊबीजेला सगळं घराणं काकांच्या घरी जमायचं, कारण आत्या यायची. आत्या वडिलांची आणि काकांची थोरली बहीण. रामनगरहून नावेने यायची, घाट चढताना दहादा बसायची आणि प्रत्येक वेळी पायऱ्या बांधणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. तिचा शब्द घराण्यात कुणी खाली पडू देत नसे, काका तर मुळीच नाही. मी दादाला हात धरून उठवलं, नवं धोतर नेसवलं. “मला नाही यायचं,” तो म्हणाला. मी म्हटलं, “मला ओवाळायचं आहे, तू कसा येत नाहीस ते बघते.” आला बिचारा.

आत्याचे हात तेव्हा कापायला लागले होते, त्यामुळे काकांना ओवाळायची वेळ आली की तबक मी धरायची आणि ती नुसता हात लावायची. काका पाटावर बसले. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठी ओवाळली. मग निरांजन पेटवलेलं तबक उचललं. आत्या माझ्या शेजारी, काकू मागे, आई दारात, दादा भिंतीला टेकून.

“काका,” मी मोठ्याने म्हटलं, “ज्योतीवरून नजर हलवायची नाही हं. रीत आहे आपली.”

“मला शिकवतेस?” असं म्हणून त्यांनी नजर लावली.

मी तबक फिरवलं, मुद्दाम सावकाश. आणि काकांचे डोळे उडाले! ज्योत पुढे, डोळे मागे; टुणकन गाठायचे, पुन्हा मागे. मी आणखी सावकाश फिरवलं, तरी उडाले. आत्याने मान पुढे काढली.

“अगबाई! ह्याचेही उडतात की!”

काकूने वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. काका भडकले. “कोण म्हणतं? मोतीबिंदू आहे मला!”

“असेल हो,” मी म्हटलं. “दुखणं असेल, वय असेल, घराण्याची ठेवण असेल. माझेही उडतात. कागदावर काढून दाखवलेत मला. मग तुमच्या मनात काय काळंबेरं आहे, ते सांगा. माझ्या मनात काय आहे ते मी सांगते. माझ्या मनात एवढंच आहे की माझा भाऊ काल दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजला होता. तुमची नजर ठरत नाही तरी आश्विन तुमचा, त्याची ठरत नाही म्हणून कार्तिक काढून घ्यायचा? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! काढायचीच तर सगळ्यांची पाळी काढा, आणि देवाला म्हणावं, बाबा, ह्या घराण्यात तुझ्याकडे बघायला कुणीच लायक नाही.”

विज्ञानाच्या हिशोबात ह्याला काडीची किंमत नव्हती. सत्तरीच्या म्हाताऱ्याचे डोळे उडाले तर त्यातून काही सिद्ध होत नाही, डॉक्टरिणीने मला तसं बजावलंच होतं. पण मी तिथे विज्ञान शिकवायला नव्हते गेले, भांडायला गेले होते. ज्या काठीने त्यांनी माझ्या भावाला मारलं तीच मी उचलली होती. आजही उचलीन.

तेवढ्यात भिंतीपाशी दादाच बोलला, हळू.

“काका, ज्योत पळते. देव कुठे पळतोय? तो जागच्या जागी असतो. मी शोधतो त्याला दर वेळी, आणि सापडतो मला.”

आई दारात रडायला लागली. आत्याने माझ्या हातातलं तबक खाली ठेववलं आणि काकांसमोर हात पसरला.

“ओवाळणी घाल.”

काकांनी खिशातून पाकीट काढलं.

“ते ठेव तुझ्यापाशी. ह्या वर्षी मला देवळाची किल्ली घाल.”

“अगं ताई, पण—”

“बहिणीने भाऊबीजेला मागितलं तर भाऊ नाही म्हणतो का रे? आपल्या आईने शिकवलं का असं?”

काकांनी मग जानव्याला बांधलेली किल्ली सोडली आणि तबकात टाकली, जरा जोरातच. निरांजन हाललं, विझलं नाही. आत्याने किल्ली उचलून दादाच्या हातात दिली आणि म्हणाली, “जा, वेळ होईल. आणि डोळे मिटून करशील तर याद राख.” त्यानंतर मी दादाला ओवाळलं. डोळे उघडे ठेवून बसला होता. चिमणी टुणटुण उडत होती, आणि मी वेड्यासारखी हसत होते, रडतही होते.

संध्याकाळी आरतीला गल्ली गच्च भरली होती. बातमी आधीच पोचली होती, आमच्या गल्लीत दुसरं काही पोचत नाही. मागून कुणीतरी बोललंच, “देखो, आँखें कैसे नाच रही हैं.” मी वळून म्हटलं, “नाचने दो. आपके बाप का क्या जाता है?” शिक्षिकेला शोभणारं नव्हतं, पण शोभण्याचे दिवस नव्हते ते. दादाने ज्योत पायांशी नेली, पोटाशी नेली, मुखाशी नेली. डोळे सताड उघडे होते. कुठे मागे राहिले, कुठे उडाले, पण दर वेळी जाऊन पोचले.

मग तो तबक घेऊन उंबऱ्यावर आला आणि सगळ्यांत आधी काकांसमोर धरलं. काकांनी ज्योतीवर हात फिरवले, डोळ्यांना लावले, पण नजर खालीच. वर बघेनात. ज्योतीकडे नाही, दादाकडे नाही. माझ्या अंगातली आग काही विझली नव्हती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “नजर वर करा की, काका! ज्योतीकडे बघा!”

दादाने मला कोपराने मागे सारलं.

“राहू दे गं,” तो म्हणाला. “त्यांच्या हातात नाही ते.”

आणि तबक पुढच्या माणसासमोर धरलं.